साडेतीन अंडी आणि नववीचे गणित

नववीतील आपल्या मुलीला स्वयंपाकाची आवड आहे, परंतु 'गुणोत्तर व प्रमाण' हे प्रकरण निघाले की ती वही मिटून बसते; तेव्हा स्वयंपाकघरातून गणित शिकवता येईल का, असे आपण विचारले आहे. येते, मात्र हिशेब चुकला तर पदार्थही बिघडू देण्याची आपली तयारी हवी. नौपाड्यातल्या आमच्या घरी मुलासोबत हा उद्योग मी दोन वर्षे केला, त्यावरून लिहीत आहे.

दुप्पट आणि निमपट तिला येतच असेल, त्यात वेळ घालवू नये. चार जणांचे प्रमाण सात जणांसाठी करायला सांगावे. सात भागिले चार म्हणजे पावणेदोन, आणि मग दोन वाट्या रव्याच्या साडेतीन वाट्या होतात. (माझ्या आजोबांना पावकीपासून औटकीपर्यंत सगळे पाढे तोंडपाठ होते, औट म्हणजे साडेतीन. सव्वा, दीड, पाऊण हे शब्द मुलांच्या कानावरून जातात, पण ते अपूर्णांक आहेत हे त्यांच्या लक्षातच येत नाही.)

खरा धडा आम्हाला केकने दिला. सहा इंची गोल भांड्याची पाककृती आठ इंची भांड्यात करायची होती. मुलाने आठाला सहाने भागले, सर्व जिन्नस सव्वापटीहून थोडे अधिक घेतले आणि केक भाकरीसारखा चपटा झाला. मी आधी काही बोललो नव्हतो. तो चपटा केक खातानाच आम्ही कागद घेतला. गोलाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ३६ चे ६४ होतात आणि उंची तेवढीच ठेवायची तर मिश्रण सुमारे १.७८ पट, ढोबळमानाने पुन्हा पावणेदोनपटच लागते. पुढच्या वेळी दोन अंड्यांची साडेतीन अंडी झाली, तेव्हा अर्धे अंडे आणायचे कुठून, हा प्रश्न त्याला स्वतःहून पडला. चौथे अंडे फेटून वजनाने निम्मे घेतले. भाजण्याचा वेळ मात्र पावणेदोनपट झाला नाही, कारण मिश्रणाची जाडी तीच होती. तो थोडाच वाढला आणि शेवटी सुई टोचूनच ठरवावा लागला. सगळेच काही समप्रमाणात वाढत नाही, हे त्याला तेव्हा कळले.

शेकडेवारीसाठी हिवाळ्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला किलोभर मटार पुरेसा आहे. सोलण्यापूर्वी आणि सोलल्यानंतर वजन करायला सांगावे. आमच्याकडे एकदा ४८० ग्रॅम दाणे निघाले, म्हणजे ४८ टक्के. मग दाण्यांचा खरा भाव पाटीवरच्या भावाच्या किती पट पडला, हे विचारावे. येथे बहुतेक मुले ०.४८ ने गुणतात. भागायचे असते आणि उत्तर दुपटीहून थोडे अधिक येते. माझ्या मते उलट्या शेकडेवारीचा इतका चांगला नमुना पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

यासाठी ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा अवश्य घ्यावा. घरातल्या दोन वाट्या क्वचितच सारख्या असतात, आणि एकाच वाटीत साखर मैद्यापेक्षा बरीच जड भरते. 'वाटीभर' म्हणजे नेमके किती, हा वाद एकदा तिच्याशी घालून पाहावा.

बीजगणितातील समीकरणे किंवा भूमितीतील सिद्धता मात्र ओट्यापाशी येणार नाहीत, त्यासाठी वहीच उघडावी लागेल. शिवाय कढईत तेल तापलेले असताना आकडे विचारू नयेत. आकडेमोड आदल्या रात्री कागदावर तिच्या हाताने व्हावी आणि तो कागद फ्रिजवर लावावा. आमच्याकडे आठवड्यातून एकच दिवस, रविवारी, हे चालत असे. रोज केल्यावर मुलाने स्वयंपाकघरात येणेच सोडले होते.