मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवल्या म्हणून केस होईल का?

उदगीर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या वडिलांना तोंडाचा कर्करोग आहे. ऑपरेशन झालं, शेक झाले, पण आजार पुन्हा उलटला. आता दुखणं आटोक्यात ठेवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात उरलं आहे. मुंबईच्या एका रुग्णालयातून दर पंधरा दिवसांनी मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. धाकटा भाऊ रात्रीची गाडी धरून जातो आणि दुसऱ्या रात्री परततो. मागच्या महिन्यात भाऊच तापाने पडला आणि दोन दिवस घरात एकही गोळी नव्हती. मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला, तर व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवता येणार नाही म्हणाले. गावातल्या तिन्ही मेडिकलवाल्यांनी हात वर केले. एकाने वर सांगितलं, "ही गोळी घरात सापडली तर नार्कोटिक्सची केस लागते." गावातल्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल ही दुसरी वेदनाशामक गोळी लिहून दिली, तीही मिळाली नाही. आता नव्या गोळ्या आल्या आहेत, पण आईने त्या ज्वारीच्या कणगीत लपवल्या आहेत. चार तासांनी द्यायची गोळी ती आठ तासांनी देते, पुरवून पुरवून. ताईंनी विचारलं आहे: आम्ही गुन्हा करतोय का? मेडिकलवाल्यावर तक्रार करता येईल का? आणि जवळ कुठे हे औषध मिळेल का?

ताई, गुन्हा तुम्ही करत नाही आहात. आईला आधी हे सांगा आणि गोळ्या कणगीतून बाहेर काढा. डॉक्टरांनी चार तासांनी लिहिली असेल तर चार तासांनीच द्या. किती द्यायची हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. पोलिसांच्या धास्तीने ती अर्ध्यावर आणणं चूक आहे. बाबांच्या वाट्याचा आराम त्यांना मिळायलाच हवा.

आता कायदा सांगतो. लोक ज्याला एनडीपीएस म्हणतात तो १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा. त्याच्या कलम ८ ने अफू, मॉर्फिन वगैरे बाळगायला बंदी केली, पण त्याच कलमात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी वाट मोकळी ठेवली. म्हणजे औषध म्हणून मॉर्फिन या देशात एक दिवसही बेकायदा नव्हतं. प्रत्यक्षात मात्र झालं असं, की नियम करण्याचे अधिकार राज्यांकडे गेले आणि प्रत्येक राज्याने आपापली पद्धत लावली. एका रुग्णालयाला थोडं मॉर्फिन ठेवायचं, तर वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने, त्यांच्या वेगवेगळ्या मुदती. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात येत नसे. त्यात मूळ कायद्यात दहा वर्षांची किमान शिक्षा होती, आणि नोंदवहीत एक गोळी कमी निघाली तर काय, या भीतीने रुग्णालयांनी आणि दुकानांनी हे औषध ठेवणंच सोडून दिलं. तुमच्या गावातला मेडिकलवाला जे बोलला ती त्या काळची भीती आहे.

या गोष्टीची मला फार खंत वाटते. मॉर्फिन अफूपासूनच बनतं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतात. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि तिथून ती परदेशातही जाते. ज्या देशाच्या मातीत हे औषध उगवतं, त्याच देशात उदगीरच्या म्हाताऱ्या माणसाला ते मिळवण्यासाठी मुंबई गाठावी लागते.

२०१४ साली संसदेने यात मोठी दुरुस्ती केली. ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा वेगळा गट कायद्यात आणला आणि त्यांचे नियम करायचा अधिकार केंद्राकडे घेतला, म्हणजे देशभर एकच पद्धत. २०१५ च्या मे महिन्यात नियम आले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं त्या गटात आहेत. परवान्यांची चळत गेली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाने, रुग्णालयाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता दिली की पुरे. ती मान्यता तीन वर्षं चालते. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर मात्र तिथे असावा लागतो.

याच नियमांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रुग्णाच्या वापरासाठी एका वेळी नियमानुसार जेवढं औषध दिलं गेलं, तेवढं त्याला जवळ ठेवता येतं. इंटरनेटवर वाचून काही जण पाच ग्रॅमच्या ‘अल्प प्रमाणा’चा हिशेब करत बसतात. तो हिशेब गुन्हा झाल्यावर शिक्षा किती, हे ठरवण्यासाठी आहे. तुम्हाला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. तुमचा आधार एकच, तो म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णालयाने केलेली नोंद.

एकदा एका पक्षकाराबरोबर मी अशाच एका रुग्णालयाच्या औषध खिडकीशी उभा होतो. आतल्या बाईंनी दोन कुलपांचं कपाट उघडलं, गोळ्या स्टीलच्या ट्रेवर घेतल्या, पट्टी पालथी घालून दोनदा मोजल्या, वहीत आकडा लिहिला, शिल्लक लिहिली, चिठ्ठीवर शिक्का मारला, मग माझ्या पक्षकाराची सही घेतली. ते गृहस्थ कंटाळून म्हणाले, "साठ गोळ्यांसाठी एवढं?" मी त्यांना म्हटलं, हा शिक्का आणि ही सही उद्या तुमची साक्ष देणार आहे. तुम्हालाही तेच सांगतो.

कारण या कायद्याची दुसरी बाजूही मी तुमच्यापासून लपवणार नाही. इतर फौजदारी खटल्यांत गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. एनडीपीएसमध्ये कलम ३५ आणि ५४ मुळे माल जवळ सापडला, की समाधानकारक खुलासा करणं तुमच्याकडे येतं. तो खुलासा कागदाने होतो, तोंडी सांगून होत नाही. म्हणून गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. डबीत सुट्या भरू नका, कागदाच्या पुडीत बांधू नका. पट्टीबरोबर चिठ्ठीची झेरॉक्स ठेवा. वापरलेल्या गोळ्यांची एका वहीत तारीख आणि वेळेसह नोंद ठेवा. डॉक्टरांनाही ती उपयोगी पडते. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपाच्या कपाटात हे सगळं असू द्या.

भाऊ गाडीने गोळ्या आणतो, तेव्हा त्याच्या खिशात मूळ चिठ्ठी हवी, औषधाचं बिल किंवा नोंदीची पावती हवी आणि वडिलांच्या आधार कार्डाची प्रत हवी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडून रुग्णालयाच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र घ्या: रुग्ण प्रवास करू शकत नाही, त्याची औषधं त्याचा अमुक नावाचा मुलगा नेत आहे, गोळ्या इतक्या. सही, नोंदणी क्रमांक, तारीख. प्रवासात कोणी अडवलंच, तर बॅग लपवू नका, पळापळ करू नका, कागद पुढे करा. शेजारच्या कुणा रुग्णासाठी ‘आमच्याकडे जास्तीच्या आहेत, चार घेऊन जा’ हे मात्र कधीही करू नका. माणुसकीने केलं तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच आहे.

आता मेडिकलवाल्यांबद्दल. मॉर्फिनसाठी त्यांच्यावर तक्रार करून उपयोग नाही. नेहमीच्या किरकोळ परवान्यावर मॉर्फिन विकता येत नाही, आणि जे औषध दुकानात नाही ते विकायची सक्ती कोणावर करता येत नाही. घरात गोळी ठेवली की केस लागते, हे त्यांचं बोलणं चूक होतं. औषध नाही म्हणणं चूक नव्हतं.

ट्रॅमाडॉलचं वेगळं आहे. ते शेड्यूल एच-१ या, चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतलं आहे. १ मार्च २०१४ पासून या यादीतलं औषध विकताना दुकानदाराला वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएसच्या यादीतही आलं, तेव्हापासून दुकानदार अधिकच बिचकतात. तरीही किंमत नियंत्रणाचा २०१३ चा आदेश सांगतो, की दुकानात उपलब्ध असलेलं औषध विकत घ्यायला आलेल्या ग्राहकाला नाकारता येत नाही. अर्थात औषध कायद्याच्या अटी पाळूनच. तुम्ही लिहिलं आहे की पट्ट्या काउंटरमागच्या खणात दिसत होत्या. मग नकार चुकीचा होता का?

तुम्ही पाठवलेला चिठ्ठीचा फोटो मी नीट पाहिला. त्यावर औषधाचं नाव आहे, डॉक्टरांची सही आहे. वडिलांचा उल्लेख नुसता ‘पेशंट’ असा आहे. पत्ता नाही, तारीख नाही, एकूण किती गोळ्या द्यायच्या ते नाही. औषध नियमांतला नियम ६५ या सगळ्या गोष्टी मागतो. त्यामुळे, ताई, त्या दिवशी दुकानदाराने चिठ्ठी परत केली ती नियमाला धरूनच. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. काय राहिलंय हे त्याने एका वाक्यात सांगितलं असतं, तर तुमचा भाचा सायकलवर जाऊन दहा मिनिटांत चिठ्ठी पुरी करून आणू शकला असता. बाबांची ती रात्र वाचली असती.

म्हणून स्थानिक डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना तिथेच खुर्चीत बसून वाचा. वडिलांचं पूर्ण नाव आणि पत्ता, औषध, एका वेळचा डोस, एकूण गोळ्यांची संख्या, तारीख, सही. आणखी एक ओळ मागून घ्या. चिठ्ठीवर ‘पुन्हा देता येईल’ असं लिहिलेलं नसेल, तर दुकानदाराला ती एकदाच चालवता येते. ‘दर पंधरा दिवसांनी, एकूण तीन वेळा’ असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं, तर तेवढ्या वेळा त्याच चिठ्ठीवर औषध मिळतं. तरीही दर वेळी दुकानदार त्यावर आपलं नाव आणि तारीख टाकेल, टाकू द्या. ‘हे नाही, त्याच्यासारखं दुसरं देतो’ असं म्हणाला तर घेऊ नका. या यादीतलं औषध स्वतःहून बदलून द्यायला त्याला मनाई आहे. चिठ्ठी अशी पुरी असूनही, औषध खणात असूनही नकार आला, तर तुमच्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन यांच्याकडे लेखी तक्रार करा आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या.

व्हॉट्सॲपवरच्या चिठ्ठीबद्दल मुंबईच्या डॉक्टरांवर रागावू नका. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात अंमली पदार्थांच्या यादीतली औषधं फोनवरून लिहून द्यायला मनाई आहे. मॉर्फिन त्यात येतं. इंटरनेटवरून मागवायच्या भानगडीत तर पडूच नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे दुखणं आटोक्यात ठेवणारे उपचार, कुठे चालतं आणि मॉर्फिन मिळतं का, हे आधी विचारा. मुंबईच्या डॉक्टरांकडून सगळ्या केसपेपरचा सारांश आणि ‘पुढील औषधे जवळच्या मान्यताप्राप्त संस्थेतून द्यावीत’ असं पत्र घेऊन ठेवा. त्याच वेळी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. त्यात दोनच गोष्टी मागा: जिल्ह्यातल्या आणि लगतच्या जिल्ह्यांतल्या मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची नावं आणि पत्ते, आणि प्रत्येकीच्या मान्यतेची मुदत कधी संपते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. एरवी उत्तराला तीस दिवस असतात. पण माहिती कोणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल, तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. अर्जाच्या माथ्यावरच ‘कलम ७ (१) चे परंतुक लागू’ असं लिहा आणि डॉक्टरांच्या पत्राची प्रत जोडा. वेदना म्हणजे जीविताचा प्रश्न नव्हे, असं एखादा अधिकारी म्हणेल. तो वाद आपण नंतर अपिलात घालू. तसं म्हणण्याआधी त्याला ते पत्र वाचावं तर लागेल.

जिल्ह्यात एकही संस्था नाही असं उत्तर आलं, तर तो कागद सोन्यासारखा जपा. मॉर्फिन हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते उत्तर जोडून जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज द्या, की रुग्णालयाने मान्यतेसाठी अर्ज करावा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. तालुक्यातली आणखी दोन-चार कुटुंबं याच त्रासातून जात असतील, त्यांच्याही सह्या घ्या. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तुम्ही स्त्री आहात, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. फोन १५१००.

एक गोष्ट लिहिताना माझाही जीव जड होतो, पण नंतर तुम्हाला ती विचारायचं भान राहणार नाही, म्हणून आत्ताच लिहितो. या गोळ्या बाबांच्या वापरासाठी दिलेल्या आहेत. बाबा नसतील तेव्हा उरलेल्या गोळ्या घरात ठेवायला कायद्याचा आधार राहत नाही. त्या कचऱ्यात टाकू नका, कोणाला देऊ नका. जिथून आणल्या तिथे दहा-बारा दिवसांत परत नेऊन द्या, मोजून द्या आणि परत घेतल्याची सही वहीत घ्या.

भावाची पुढची खेप कधी आहे ते कळवा. निघण्याआधी डॉक्टरांकडून घ्यायच्या दोन्ही पत्रांचा मसुदा मी तुम्हाला लिहून पाठवतो.