क्लॅरिनेटवर सूर सुटे करण्यासाठी जीभ लावताना प्रत्येक सुराआधी ‘थप्’ असा आवाज का येतो? माउथपीस तोंडात किती घ्यायचा?

लांब सूर स्वच्छ लागतो, पण सुटे सूर वाजवताना ‘थप्’ येतो आणि मधूनच वाद्य चिरकतं, असं तुम्ही लिहिलंय. जिभेला दोष देण्याआधी माउथपीस किती आत जातोय ते बघा. मला तरी मूळ तिथेच दिसतंय.

रीड, म्हणजे कंप पावून आवाज काढणारी पातळ पट्टी, माउथपीसवर सपाट बांधलेली असली, तरी टोकाकडे माउथपीस वळत जातो आणि दोघांत फट पडते. कंप पावतो तो एवढाच मोकळा भाग. पातळ कागदाची पट्टी टोकाकडून त्या फटीत अलगद सरकवा आणि ती अडेल तिथे माउथपीसच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. खालचा ओठ साधारण त्या खुणेपाशी हवा. बराच अलीकडे धरलात तर सूर बारीक, दबका येतो. फार आत घेतलात तर चिरकतोच, शिवाय रीडचं टोक तोंडात इतकं मागे जातं की जिभेचा शेंडा टोकावर न लागता रीडच्या पात्यावर आपटतो. तुमचा ‘थप्’ बहुधा हाच!

मान खाली घालून वाजवू नका, त्याने कोन बिघडतो. वाद्य तोंडाकडे आणा.

आता जीभ. शेंडा रीडच्या कडेच्या किंचित खाली हलकेच टेकवा, फुंकेचा दाब आधी तयार करा आणि मग जीभ फक्त बाजूला घ्या. सूर फुंकेने सुरू होतो. जीभ लावताना मनात म्हणायचं म्हणून इंग्रजी पुस्तकात दिलेलं अक्षर आपण ‘टू’ असं वाचतो, पण ‘ट’ म्हणताना जीभ मागे वळते. मनात ‘ती’ म्हणा, मऊ हवं असेल तर ‘दी’.

सरावासाठी मेट्रोनोम (ठेक्याचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा. एकाच श्वासात लांब सूर धरून प्रत्येक ठोक्याला रीडला नुसता स्पर्श करा, फुंक मात्र अखंड चालू ठेवा. नंतर हेच फक्त माउथपीस आणि बॅरलवर (माउथपीसला लागून असलेला आखूड तुकडा) करा. ट्यूनरवर (कोणता स्वर लागलाय ते दाखवणारं यंत्र) एफ शार्पच्या आसपास स्वर दिसेल. जीभ लावताना काटा हलला, तर जबडा हलतोय असं समजा. ही कसोटी मला आरशात जबडा बघण्यापेक्षा खात्रीची वाटते.

गाणं वाजवताना प्रत्येक सुराला जीभ लावायची गरज नाही. शब्द जिथे सुरू होतो तिथे लावा, मींड एका फुंकेत जाऊ द्या.

आणि नवशिके असून 3 नंबरची रीड (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक) वापरत असाल, तर आधी 2 किंवा अडीचची लावून बघा.