चवथ, मोठे घर आणि न उघडलेली बॅग

श्रावण निम्मा सरला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येऊ लागते : "चवथ जवळ आली की पोटात गोळा येतो." म्हणणारी बहुधा सून असते, कधी मुंबईहून गावी येणारा धाकटा भाऊ असतो, आणि एकदा तर पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईच हे सांगायला आल्या होत्या. "मग जाऊ नका" हा सल्ला गोव्यात कुचकामी आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, अनेक कुटुंबांत गणपती एकच असतो आणि तो मूळ घरी बसतो. पर्वरीत फ्लॅट घेतला म्हणून तिथे वेगळी मूर्ती आणण्याची रीत नाही. 1560 मध्ये सुरू झालेल्या पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, धाकातही कागदावरच्या चित्राची पूजा करून ज्या घरांनी चवथ मोडू दिली नाही, त्यांच्यापैकी काहींकडे अजूनही कागदाचाच गणपती पुजला जातो. अशा परंपरेपुढे "यंदा आम्ही येत नाही" हे वाक्य किती जड होते, ते ज्याने उच्चारून पाहिले त्यालाच ठाऊक.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते. डिचोली तालुक्यातले मूळ घर, पाच दिवसांचा गणपती, पंगतीला 35 माणसे. माझ्याकडे आलेल्या बाई पणजीत बँकेत नोकरी करणाऱ्या, लग्नाला 11 वर्षे झालेली. चतुर्थीची सरकारी सुट्टी दोन दिवसांची, म्हणजे उरलेल्या दिवसांच्या रजेपासूनच कुरबुरीला सुरुवात. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला त्यांना कोणी बोलवत नाही, भांडी मात्र त्यांच्या वाट्याला येतात, आतेसासूबाई दरवर्षी दुसऱ्या मुलाचे विचारतात, आणि मोठ्या जाऊबाई यांच्या नवऱ्याला सांगतात, "तुझी बायको पाहुण्यासारखी वागते."

पहिल्या तीन भेटींत मी चुकले, हे कबूल करायला हवे. मी मनापासून ऐकत होते, त्या हलक्या होऊन घरी जात होत्या आणि पुढच्या आठवड्यात तेच ओझे घेऊन परत येत होत्या. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांचे एक म्हणणे मी माझ्या कामात प्रमाण मानत आले आहे : दोन माणसांमधला ताण त्यांना पेलवेना झाला की तो तिसऱ्याकडे वळवला जातो, जिवाला तेवढ्यापुरते बरे वाटते आणि मूळ ताण जिथल्या तिथे राहतो. घरी तो तिसरा माणूस त्यांचा नवरा होता. माझ्या खोलीत ती जागा मीच घेऊन बसले होते.

चौथ्या भेटीत मी त्यांना कागद-पेन्सिल दिली आणि तयेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, आदल्या दुपारी घरात कोण कुठे असते ते काढायला सांगितले. त्यांनी भराभर काढले. चौकात शिडीवर थोरले दीर माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळावेलींच्या छताला, सुपारीचे घोस बांधताहेत, खालून पोरे तोरिंजन आणि कांगलांच्या वेली वर देताहेत. स्वयंपाकघरात कढईपाशी मोठ्या जाऊबाई, पोळपाटांवर दोन चुलतजावा, सासूबाई चून, म्हणजे नारळाचे गोड सारण, भरताहेत.

"आणि तुम्ही?"

पेन्सिल थांबली. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर एक ठिपका दिला.

"तुमची बॅग कुठे असते?"

"माडीवर, पलंगाखाली."

"कपडे कपाटात लावता?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. "नाही. पाचही दिवस बॅगेतूनच काढते. टॉवेल वाळला की तोही परत बॅगेत." आणि मग, जणू स्वतःलाच सांगत असल्यासारखे, "कपाटात माझा खण आहे, मॅडम. लग्न झाले तेव्हा वहिनींनीच रिकामा करून दिला होता. अजून रिकामाच आहे."

या ठिकाणी उतावळा समुपदेशक "पाहा, चूक तुमचीच" असे सुचवून मोकळा होतो आणि हातचे सगळे घालवतो. मी विचारले की खण पहिल्याच वर्षी का भरला नाही. तेव्हा कळले की पहिल्या चवथीला त्यांची मुरड सुटून नेवरी कढईत फुटली, चून जळून तेल काळे झाले आणि स्वयंपाकघरभर हसू उसळले. हसणाऱ्यांनी ते संध्याकाळपर्यंत विसरूनही टाकले असेल. या मात्र उंबरठ्यावर थांबल्या. हिला हे काम आवडत नाही असे समजून जाऊबाईंनी बोलावणे सोडले. आणि दोघीही एकमेकींबद्दलचे सगळे एका बिचाऱ्या पुरुषाच्या कानात ओतत राहिल्या. मोठ्या कुटुंबातल्या तक्रारींमागे दुष्टपणा क्वचितच असतो. बहुधा असे एखादे हसू असते, ज्याची नोंद एकाच वहीत राहिलेली असते.

पुढचे काम तसे साधे होते. जे बोलायचे ते जाऊबाईंशी, थेट, आणि चवथीच्या पंधरा दिवस आधी. तापलेल्या कढईपाशी कोणाचेही मन मोकळे होत नाही. एक गोष्ट मागायची आणि एक सांगायची, तिसरी नाही. पहिल्या तालमीत चार वेळा "सॉरी" आणि दोनदा "जमलं तर" आले, ते आम्ही खोडले. उरले ते असे : "वहिनी, यंदा मी दोन दिवस आधी येते, नेवऱ्यांना मुरड घालायला मला शिकवा. आणि दुपारी तासभर मी माडीवर पडणार आहे, तेवढा वेळ मला हाक मारू नका." नवऱ्याने फक्त "तू तिलाच विचार" एवढे म्हणायचे होते, आणि तेच सर्वांत अवघड गेले. येण्या-जाण्याचे दिवस आधी कळवावेत, फाटकापाशी ठरवू नयेत. खाजगी प्रश्नाला एकच छोटे उत्तर द्यावे, खुलासा देऊ नये. आणि घरजमिनीच्या वाटणीचा विषय निघाला तर पाणी आणायला उठावे. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा वाटणीचा दावा, कोर्टात चालते, माटोळीखाली नाही.

फोनवर जाऊबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ये गो बाई, नारळ खवायलासुद्धा कोणी नाही."

चवथीनंतर त्या भेटायला आल्या तेव्हा सगळे सुरळीत झाले होते असे नाही. आतेसासूबाईंनी दुसऱ्या मुलाचे दोनदा विचारलेच. रात्रीच्या आरतीत घुमट हे मातीचे तालवाद्य कोणी वाजवायचे यावरून चुलत दिरांत जुंपली. दोन नेवऱ्या पुन्हा फुटल्या आणि पुन्हा सगळे हसले, या वेळी त्याही हसल्या. खण त्यांनी उघडला, तर तळाशी घातलेले वर्तमानपत्र पिवळे पडून त्याचे तुकडे होत होते. नवा कागद आणून देणाऱ्या जाऊबाईच होत्या.

"पुढच्या वर्षी खर्चाची पाळी आमची आहे," जाताना त्या म्हणाल्या. "आषाढातच दोन वेळा लिहून ठेवा, मॅडम. एक माझी, एक वहिनींची."