वाचकांचे प्रश्न : प्राण्यांच्या आकाराची मध्ययुगीन कुलुपे

प्रश्न : संग्रहालयात सिंहाच्या आकाराचे, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे ब्राँझचे कुलूप पाहिले. एवढ्याशा वस्तूने खरोखर काही बंद होत असे का?

उत्तर : होत असे. सिंह असो, घोडा असो की पक्षी, प्राण्याचे धड ही मुळात एक पोकळ डबी असते. तिच्यात शिरणारा दांडा हा कुलपाचा दुसरा भाग. दांड्याच्या टोकाला पातळ, लवचीक पट्ट्या पक्क्या केलेल्या असतात आणि त्यांची मोकळी टोके मागच्या दिशेने फाकलेली असतात. गवताचे कुसळ कापडात शिरते तसा हा दांडा भोकातून आत जातो. जाताना पट्ट्या मिटतात, आत पोचल्या की फाकतात आणि भोकाच्या कडेला आतून अडकतात. म्हणजे कुलूप लावायला किल्ली लागतच नाही.

उघडायला मात्र लागते. तिच्या टोकाला भोक असलेली चकती असते. किल्ली विरुद्ध बाजूने, पुष्कळदा प्राण्याच्या छातीतून, आत सारायची. चकतीचे भोक पट्ट्यांवर चढते, त्यांना दांड्याशी दाबून धरते आणि दांडा मागे सरकतो. पट्ट्यांची संख्या किंवा मांडणी भोकाशी जुळली नाही, तर किल्ली पुढे जातच नाही. इराणात याशिवाय आटे असलेल्या किल्लीचीही कुलुपे होती. ती किल्ली फिरवत नेली की आतला दांडा स्प्रिंगच्या जोराविरुद्ध ओढला जाई.

काही जण या कुलुपांना ताईत म्हणतात. आत पट्ट्या किंवा त्यांचा गंज असेल, तर ते चालते कुलूप होते, असे आम्ही ठामपणे म्हणू. अंगावर बाळगले म्हणून त्याचे कुलूपपण जात नाही. पहारीपुढे ते टिकणार नाही हे खरे. पण लहान पेटीला एवढे पुरे.

प्रश्न : असे कुलूप मातीतून निघाल्यावर साफ करून उघडून पाहायला काय हरकत आहे?

उत्तर : मोठी हरकत आहे. धड तांब्याच्या मिश्रधातूचे आणि आतल्या पट्ट्या लोखंडाच्या असतील, तर ओल्या मातीत दोन धातू एकमेकांना चिकटून राहतात आणि लोखंड आधी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो; त्यामुळे दांडा जाम होतो, कधी धडाला तडाही जातो. अशा वेळी किल्ली घुसवली किंवा दांडा ओढला, की पट्ट्यांचा चुरा होतो. कुलूप कसे चालत होते याचा एकमेव पुरावा तेवढ्यात संपतो.

आधी क्ष-किरण छायाचित्र घ्यावे. पट्ट्या किती, कुठे पक्क्या केल्या आहेत आणि दांडा आत आहे का, हे त्यात दिसू शकते. दांडा आत असेल तर कुलूप लावलेल्या स्थितीत हरवले किंवा टाकले गेले, ही नोंद फार मोलाची. आतली माती धुऊन टाकू नये, वेगळी ठेवावी. आंबट द्रावणाने घासू नये. वर्तुळ-ठिपक्यांची बारीक नक्षी बहुधा हिरव्या थरातच टिकलेली असते.

घट्ट, गुळगुळीत हिरव्या रापाची भीती नाही. फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले तर सावध व्हावे. धातूत दडलेले क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी आणि ऑक्सिजनशी मिळून धातू खात असते. ब्रश मारून हे थांबत नाही. वस्तू ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी, सापेक्ष आर्द्रता 35 टक्क्यांच्या खाली राखावी आणि पुढचे उपचार संवर्धकावर सोडावेत.

प्रश्न : नुसत्या आकारावरून काळ सांगता येतो का?

उत्तर : नाही. इराणात प्राण्यांच्या आकाराची कुलुपे पुढच्या शतकांतही बनत राहिली, म्हणून बाजारातल्या प्रत्येक सिंहाला सेल्जुक, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकात इराणवर राज्य करणाऱ्या तुर्की घराण्याच्या काळातला, ठरवणे चूक. खरा आधार कुलूप मातीच्या ज्या थरात सापडले त्याचा. आजच्या रशियातील व्होल्गा नदीकाठच्या बल्गार लोकांचे बिल्यार हे शहर मंगोलांनी 1236 मध्ये उद्ध्वस्त केले. त्या राखेच्या अखंड थराखाली कुलूप मिळाले, तर ते त्याआधीचे. रशियातल्याच नोव्हगोरोद या जुन्या शहरात ओल्या मातीने लाकडी रस्ते एकावर एक जपले. ओंडक्यांच्या वाढवलयांवरून त्या थरांची वर्षे निघाली आणि पुरातत्त्वज्ञ बोरिस कोल्चिन यांनी तिथल्या लोखंडी नळकांडी कुलुपांचे प्रकार काळानुसार लावले. प्राण्यांच्या कुलुपांशी ताडून पाहायला ते उपयोगी पडतात. म्हणूनच सापडलेल्या जागेची खोली आणि शेजारच्या वस्तू कुलूप उचलण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात.