जर्मनीत बाळंतपण: आधी हेबामे शोध

अगं, मनापासून अभिनंदन! जर्मनीत बाळंतपणाची काय तयारी करायची, हे सातव्या आठवड्यातच विचारलंस ते फार बरं केलंस. आजपासून हेबामे, म्हणजे प्रशिक्षित सुईण, शोधायला लाग. मी पाचव्या महिन्यापर्यंत थांबले आणि बावीस फोन केल्यावर एकीने होकार दिला. बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊ शकते. टाके, दूध, बाळाची नाळ सगळं बघते आणि खर्च सरकारी विमा देतो. परक्या देशात रात्रभर रडणारं बाळ घेऊन बसलेल्या आईला सकाळी वाजलेली तिची बेल किती धीर देते, ते मी विसरणार नाही.

आईला फार लवकर बोलावू नकोस. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या भेटीच्या व्हिसावर, 180 दिवसांत 90च दिवस राहता येतं. तारखेच्या आठवडाभर आधी आली तर खरी गरज असते तेव्हा ती जवळ असेल. तिला तूप मात्र आणू देऊ नकोस. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात मनाई आहे. इथलं लोणी कढवलं की सुरेख तूप होतं, लाडू इथेच वळा.

तुम्हा दोघांचे जन्मदाखले, विवाहदाखला आणि त्यांची अधिकृत जर्मन भाषांतरं आत्ताच करून ठेवा. जन्मनोंदणीला ती लागतात. एल्टर्नगेल्डचा, म्हणजे बाळ सांभाळणाऱ्या आईवडिलांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज बाळाच्या जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत कर, मागचे पैसे तेवढ्याच काळाचे मिळतात. भारतीय दूतावासात बाळाची नोंद वर्षाच्या आत.

तू कोणत्या शहरात आहेस?