ओव्यांच्या नोंदी ॲपबाहेर काढताना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. अंबाजोगाई, केज आणि धारूर तालुक्यांतल्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या टिपून घेते. सगळ्या नोंदी 'जॉप्लिन' या ॲपमध्ये आहेत; काहींना वहीच्या पानांचे फोटो आणि बायकांच्या आवाजाच्या फायली जोडल्या आहेत. संगणक जुना झाल्यामुळे सगळे बाहेर काढून ठेवायचे आहे. भाच्याने ॲपची टर्मिनलवर (म्हणजे आज्ञा टाइप करून) चालणारी आवृत्ती बसवून दिली, पण तिच्यात एकही नोंद दिसत नाही. माझे लिखाण गेले का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपले लिखाण जागच्या जागी आहे. जॉप्लिनची खिडकीतली (नेहमीची, माउसने चालणारी) आवृत्ती आणि टर्मिनलवरची आवृत्ती आपापला साठा वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, त्यामुळे नव्याने बसवलेली टर्मिनल आवृत्ती सुरुवातीला रिकामीच असते. तिला खिडकीतल्या ॲपच्याच फोल्डरकडे वळवण्याचा मोह टाळावा. दोन आवृत्त्या एकाच डेटाबेसवर लिहू लागल्या तर नसते संकट ओढवेल. सरळ मार्ग सिंकचा, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यामार्फत दोन्हीकडच्या नोंदी सारख्या करून घेण्याचा आहे. खिडकीतले ॲप ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह यांपैकी ज्या ठिकाणी सिंक होते, तेच ठिकाण टर्मिनल आवृत्तीच्या सेटिंगमध्ये द्यावे आणि मग 'जॉप्लिन सिंक' ही आज्ञा द्यावी. (आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत लिहाव्यात.) आवाजाच्या फायली जड असतात, तेव्हा पहिल्या सिंकला वेळ लागेल, वीज जाण्याची भीती नसेल अशी वेळ निवडावी. नोंदींना पासवर्डचे एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय मजकूर वाचता येऊ न देणारे कुलूप) लावले असेल, तर 'जॉप्लिन ई-टू-ई-ई डिक्रिप्ट' ('टू'च्या जागी 2 हा आकडा) ही आज्ञा देऊन ते आधी उघडून घ्यावे.

त्यानंतर नोंदी बाहेर काढणारी 'जॉप्लिन एक्सपोर्ट' ही आज्ञा दोनदा, दोन वेगळ्या फॉरमॅटांत चालवावी, असा माझा आग्रह आहे. पहिला फॉरमॅट 'जेक्स' (jex). यात ॲपमधल्या वह्या, नोंदी, टॅग (नोंदींना लावलेले खुणेचे शब्द) आणि जोडलेल्या फायली एकाच फाइलमध्ये बांधल्या जातात आणि उद्या नव्या संगणकावर जॉप्लिन बसवून सगळे होते तसे परत आणता येते. पण ही फाइल वाचायला पुन्हा जॉप्लिनच लागते, म्हणून ती एकटी पुरेशी नाही. दुसरा फॉरमॅट 'एमडी-फ्रंटमॅटर' (मधल्या डॅशच्या जागी अधोरेषा टाइप करावी). यात प्रत्येक नोंदीची स्वतंत्र मजकूर-फाइल तयार होते आणि ती कोणत्याही साध्या संपादकात उघडते. नुसता 'एमडी' फॉरमॅट निवडला तर ओव्यांचा मजकूर येतो, पण टॅग आणि तारखा मागे राहतात. ओवी कोणत्या गावची हे आपण टॅगमध्येच लिहिले असेल, तर अभ्यासाच्या दृष्टीने हे फार मोठे नुकसान आहे.

एक्सपोर्ट झाल्यावर एखादी फाइल स्वतः उघडून पाहावी. वर तीन डॅशची एक ओळ, तिच्याखाली शीर्षक, तयार केल्याची आणि बदलल्याची तारीख, टॅग, पुन्हा तीन डॅश आणि त्यानंतर ओवी, असा क्रम दिसेल. फोटो आणि आवाज एका निराळ्या फोल्डरमध्ये जातात, त्याचे नाव 'रिसोर्सेस' असून त्याच्या आधी अधोरेषा असते. ते फोल्डर मजकुरापासून वेगळे केले की फायलींमधले दुवे तुटतात, म्हणून पेन ड्राइव्हवर नेताना सारे एकत्रच न्यावे. 'जॉप्लिन स्टेटस' ही आज्ञा कोणत्या वहीत किती नोंदी आहेत ते सांगते. तो आकडा बाहेर आलेल्या फायलींशी पडताळावा आणि दोन-तीन ध्वनिफिती शेवटपर्यंत ऐकाव्यात.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती सांगणे मला आवश्यक वाटते. नोंद करताना ॲपला स्थळ टिपण्याची परवानगी दिली असेल, तर अक्षांश-रेखांशही फाइलच्या वरच्या भागात उतरतात. शिवाय एक्सपोर्ट केलेल्या फायलींना एन्क्रिप्शनचे संरक्षण उरत नाही. ज्या बायकांनी विश्वासाने आपल्यासमोर ओव्या म्हटल्या, त्यांच्या घराचा ठावठिकाणा त्यांच्या संमतीशिवाय कोणाच्याही हाती जाऊ नये. संग्रह नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या अभ्यासकाला देणार असाल, तर त्या ओळी काढलेली वेगळी प्रत करून द्यावी आणि मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी.

प्रश्न : जॉप्लिनची टर्मिनल आवृत्ती चालवताना विंडोजच्या काळ्या खिडकीत माझ्या मराठी नोंदींची शीर्षके चौकोनांसारखी दिसतात. एक्सपोर्ट बिघडतो आहे का? आणि दर महिन्याला हे आपोआप करता येईल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : चौकोन हा त्या खिडकीतल्या फॉन्टचा दोष आहे. फायली यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीसह सर्व लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत) लिहिल्या जातात; नोटपॅडमध्ये उघडल्यावर देवनागरी नीट दिसली तर काळजी नको. शीर्षके लांबलचक असतील, तर मात्र फायली 'डी' ड्राइव्हवर थेट एखाद्या छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये काढाव्यात, कारण विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम सुमारे २६० अक्षरांपेक्षा लांब पत्त्यावर अडतात. आपोआप करण्यासाठी सिंक आणि एक्सपोर्ट या दोन्ही आज्ञा एका बॅच फाइलमध्ये (आज्ञा ओळीने चालवणाऱ्या फाइलमध्ये) लिहून ती विंडोजच्या 'टास्क शेड्यूलर'ला, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीला, लावावी. दर वेळी तारखेच्या नावाचे नवे फोल्डर तयार होईल अशी व्यवस्था करावी, म्हणजे चुकून पुसलेली नोंद मागच्या महिन्याच्या प्रतीत सापडेल.