वाचकांचे प्रश्न : पुतण्याची देणगी आणि दहशतवादविरोधी कायदे

प्रश्न : एम. वाय. रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे पुरवणारी आमची लहानशी नोंदणीकृत संस्था आहे. माझा पुतण्या न्यू जर्सीला असतो. गेल्या वर्षी त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि आता वडिलांच्या स्मरणार्थ तो संस्थेला दोन लाख रुपये देऊ इच्छितो. बँकेत विचारले, तर पदाधिकाऱ्यांच्या कागदपत्रांची भलीमोठी यादी हातात पडली. आमचे कोषाध्यक्ष म्हणतात, हे सगळे दहशतवादविरोधी कायद्यांमुळे आहे. डबे वाटणाऱ्यांचा त्या कायद्यांशी काय संबंध?
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : कोषाध्यक्षांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आपल्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पुतण्याची देणगी अडते ती परदेशी देणग्यांच्या 2010 च्या कायद्यात, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात. हा कायदा देणगीदार कुठे राहतो हे पाहत नाही, तो कोणत्या देशाचा नागरिक आहे हे पाहतो. पुतण्याकडे भारतीय पासपोर्ट असता आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले असते, तर ती परदेशी देणगी ठरली नसती. आता मात्र त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे कार्ड) असले आणि त्याने इथल्याच खात्यातून रुपयांत धनादेश दिला, तरी ती परदेशी देणगीच आहे. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी यांपैकी काही नसताना ती स्वीकारणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन वर्षांत तिने मूळ कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. शिवाय डबे इंदुरात वाटले, तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच जमा व्हावे लागतात. पुतण्याने काकांच्या नावे पैसे पाठवावेत आणि काकांनी ते संस्थेला द्यावेत, हा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो कृपया ऐकू नये. नातेवाइकांना मिळणारी सवलत व्यक्तीसाठी आहे, आणि तिचा आडोसा घेऊन संस्थेकडे पैसे वळवणे म्हणजे कायदा चुकवणे ठरू शकते.

2020 च्या दुरुस्तीने परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्यास पूर्ण बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये या दुरुस्त्या वैध ठरवल्या. कायदेशीरपणाचा प्रश्न त्यामुळे मिटला असला, तरी माझ्या मते पहिल्या बंदीचा फटका चुकीच्या ठिकाणी बसला, कारण मोठ्या शहरातल्या संस्थेने निधी मिळवायचा आणि झाबुआ-बडवानीसारख्या भागातल्या लहान संस्थेने काम करायचे, ही वाट त्यामुळे बंद झाली.

आता बँकेच्या यादीकडे वळू. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव 1373 करून दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा रोखणे सर्व देशांना बंधनकारक केले, आणि ऑक्टोबरमध्ये काळा पैसा आणि दहशतवादाचा अर्थपुरवठा रोखण्यासाठीच्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने सेवाभावी संस्थांबाबत वेगळी शिफारस केली. त्या वेळी अशा संस्था विशेष धोक्याच्या मानल्या गेल्या. 2016 मध्ये ते सरसकट विधान काढून टाकण्यात आले आणि जिथे खरा धोका असेल तिथेच, तेवढ्याच प्रमाणात उपाय करावेत, अशी भूमिका पुढे आली. आपल्याकडे मार्च 2023 च्या नियमांनुसार बँकांना त्यांच्या सेवाभावी ग्राहकसंस्थांची माहिती नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदवावी लागते. बँकेतला कर्मचारी आपल्यावर संशय घेत नाही. त्याला रकाने भरायचे आहेत. गंमत अशी, की भारताचे 2024 चे मूल्यमापन एकंदरीत चांगले झाले, पण सेवाभावी संस्थांच्या शिफारशीबाबत एफएटीएफने आपल्याला ‘अंशतः पालन’ एवढाच शेरा दिला आणि या संस्थांसाठीचे उपाय धोका पाहून राबवावेत, असे सुचवले.

प्रश्न : माझी भाची नैरोबीत एका मदतसंस्थेत आहे. ती म्हणते की बंदी असलेल्या गटाच्या ताब्यातील भागात धान्य पोहोचवणे हाही गुन्हा ठरू शकतो. हे खरे आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर

उत्तर : ही भीती निराधार नाही. 2011 मध्ये दक्षिण सोमालियात दुष्काळ पडला, तेव्हा बराचसा भाग अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाच्या ताब्यात होता आणि अमेरिकेने या गटाला 2008 मध्येच दहशतवादी ठरवले होते. नाक्यावर वसूल केलेले पैसे किंवा वाटेत लुटलेली पोती हीसुद्धा दहशतवाद्यांना केलेली ‘मदत’ ठरेल, या धास्तीने मदत आटली. अर्थात अल-शबाबने स्वतःही अनेक संस्थांना हाकलले होते, त्यामुळे सारा दोष कायद्यावर टाकता येणार नाही. पुढील अभ्यासात मृतांची संख्या सुमारे 2 लाख 60 हजार मांडली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुले होती.

डिसेंबर 2022 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 2664 करून मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मानवतावादी मदत वगळली. चौदा देश बाजूने होते. गैरवापराची शंका मांडून एकटा भारत तटस्थ राहिला. ही सूट संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्बंधांपुरती आहे, देशोदेशींचे फौजदारी कायदे तिने आपोआप बदलत नाहीत. आणि आपला यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा भारतीय नागरिकाला परदेशातही लागू होतो. तेव्हा भाचीने आपले काम कोणत्या सवलतीखाली चालते, हे संस्थेकडून लेखी घ्यावे.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. सशस्त्र गटांशी शांततेसाठी संवाद साधणेही बेकायदा आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अमेरिकेत 2010 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कुर्दांच्या पीकेके आणि तमिळांच्या एलटीटीई या संघटनांना तंटे शांततेने सोडवण्याचे प्रशिक्षण देणे हेसुद्धा दहशतवादी संघटनेला ‘साहाय्य’ ठरवले. आपला कायदा शब्दांत तरी इतका कठोर नाही. यूएपीएच्या कलम 39 नुसार संघटनेचे कार्य पुढे नेण्याचा हेतू असावा लागतो, केवळ संवाद पुरत नाही. अडचण अशी, की हेतू तपासला जातो तो खटल्यात, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर कलम 43-ड जामिनाची वाट अडवते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या वटाली प्रकरणातील निकालानंतर जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननीही होत नाही. खटला फारच रेंगाळला तर जामीन देता येतो, हे 2021 मध्ये नजीब प्रकरणात मान्य झाले खरे, पण तोवर आरोपीची काही वर्षे तुरुंगात गेलेली असतात.

आपल्या मध्य प्रदेशात विनोबा 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात बागींना भेटत फिरले आणि एप्रिल 1972 मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाशांपुढे माधोसिंग, मोहरसिंग या बागींनी शस्त्रे ठेवली. ते दरोडेखोर होते आणि सरकारला या प्रयत्नांची कल्पना होती, हा फरक ध्यानात ठेवावा. आपल्या प्रकल्पासाठी सांगायचे तर मार्गदर्शकांची आणि महाविद्यालयाची लेखी संमती घ्यावी, भेटींची तारीखवार टिपणे ठेवावीत, संघटनेच्या कोणाकडूनही पैसे, वस्तू किंवा निरोप घेऊ अथवा पोहोचवू नयेत, आणि शक्यतो शरण आलेल्या किंवा सरकारशी करार केलेल्या गटांपासून सुरुवात करावी.